धोक्याची खोटी घंटा

रात्रीचे दोन वाजून गेलेले असतात. पुण्यामुंबईच्या एकाद्या गृहसंस्थेंतील तिसऱ्या मजल्यावरच्या बंद घरांतून एकाएकी भोंगा किंचाळूं लागतो. घरची मंडळी दिवाळीच्या सुटींत कोंकणांत गेलेली असते. शेजारी दचकून उठतात, दोघेतिघे जिन्यांत येतात, कुलपाला हात लावून पाहतात; कुलूप शाबूत असतें. कोणी रखवालदाराला हांक मारतो, कोणी मालकांना फोन लावतो, पण फोन लागत नाहीं. दहा मिनिटांनीं भोंगा आपोआप थांबतो आणि सारे पुन्हां अंथरुणावर पडतात. दुसऱ्या रात्रीं तो पुन्हां वाजतो, तेव्हां जिन्यांत एकच माणूस येतो. तिसऱ्या रात्रीं कोणीहि येत नाहीं. त्या तिसऱ्या रात्रीं आंत खरोखरीच चोर असला, तर भोंग्यापासून त्याला भिण्याचें कांहीं कारण उरलेलें नसतें. उलट कपाट फोडल्याचा आवाज त्या गोंगाटांत बुडून जाण्याची त्याची सोयच झालेली असते.

लांडगा आला रे आला, अशी ओरड करून गांवकऱ्यांना फसविणाऱ्या पोराची गोष्ट लहानपणीं ऐकली नाहीं असा मनुष्य विरळाच. परंतु त्या गोष्टीचें आणि या भोंग्याचें साम्य वरवरचें आहे. तो पोरगा जाणूनबुजून खोटें बोलत होता. यंत्र कधींहि खोटें बोलत नाहीं. त्याला जें जाणवलें तेंच तें सांगतें. घोटाळा होतो तो त्याच्या सांगण्याचा अर्थ लावतांना. वस्तुतः त्याला चोर मुळीं ठाऊकच नसतो. दाराच्या चौकटींतील यंत्राला एक लोहचुंबक ठाऊक असतो, भिंतीवरच्या यंत्राला थोडीशी ऊब ठाऊक असते, खिडकीजवळच्या यंत्राला कांच फुटण्याच्या जातीचा आवाज ठाऊक असतो. चुंबक दूर सरला, ऊब हालली, आवाज झाला, एवढीच वर्दी तें देतें. ‘चोर आला’ हें वाक्य त्या वर्दींत माणसानें आपल्या पदरचें घातलेलें असतें. घरच्या कुत्र्याची गोष्ट निराळी. तें अनोळखी फेरीवाल्यावर भुंकतें आणि सुटींत आलेल्या भाच्यापुढें शेंपूट हालवितें, कारण माणसामाणसांतला भेद त्याला कळतो. साध्या यंत्राजवळ हा विवेक नाहीं. तो विवेक यंत्र बसविणारानें आणि ज्या घरांत तें बसलें त्या घरानेंच पुरवावयाचा असतो.

विजेच्या साह्यानें घर राखण्याची कल्पना आजची नव्हे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील सॉमरव्हिल येथील ऑगस्टस पोप यानें १८५३ सालीं अशा घंटेचें पेटंट घेतलें. पुढें एडविन होम्स यानें तें विकत घेऊन बोस्टन व न्यूयॉर्क येथें त्यावर मोठा धंदा उभारला. दार किंवा खिडकी उघडली कीं विजेचें मंडल पुरें होई आणि घंटेवर हातोडी पडे. या रचनेंत एक उघड व्यंग होतें. तार तोडली कीं घंटा मुकी. म्हणून पुढें उलट रचना प्रचारांत आली. वीज मंडलांतून सतत वाहती ठेवावयाची आणि ती खंडित झाली कीं घंटा वाजवावयाची. यामुळें तार तोडणाऱ्या चोराचा डाव फसला, परंतु त्याबरोबरच गंजलेला सांधा, उंदरानें कुरतडलेली तार आणि सैल झालेला स्क्रू यांनाहि चोराचा मान मिळूं लागला. बंदोबस्त जितका कडक करावा तितकी खोटी घंटा वाजण्याची भीति वाढावी, असा हा व्यवहार आहे, आणि दीडशें वर्षांनंतरहि तो सुटलेला नाहीं.

दारावरच्या यंत्राची रचना इतकी साधी आहे कीं त्यांत चूक होण्यास जागा नसावी, असें वाटतें. दाराच्या फळीवर एक लहानसा चुंबक, चौकटीवर कांचेच्या नळींत बसविलेल्या दोन लवचीक पात्या. दार बंद असतांना चुंबकाच्या ओढीनें पात्या एकमेकींना चिकटून राहतात. दार उघडलें कीं सुटतात. पण आमच्याकडील लांकडी दारें पावसाळ्यांत फुगतात. मग जुलै महिन्यांत दार चौकटींत पुरतें बसत नाहीं, चुंबक बोटभर अलीकडेच राहतो आणि वाऱ्याच्या झोतासरशीं पात्या सुटतात. उन्हाळ्यांत तेंच दार आक्रसून खिळखिळें होतें आणि रस्त्यावरून ट्रक गेला तरी थरथरतें. दोष यंत्राचा नसून सुताराचा आहे, आणि त्यावरचा उपाय विजेच्या दुकानांत मिळत नाहीं. अलार्म बसविण्याच्या आधीं सुताराला बोलावून दारें, कड्या व बिजागऱ्या घट्ट करून घेतल्या, तर पुढचा बराच मनस्ताप वांचतो. शिवाय घट्ट दार हें चोरालाहि अडवितें, जें काम घंटेला साधत नाहीं.

खरी गंमत आहे ती भिंतीच्या कोपऱ्यांत बसविलेल्या पांढऱ्या डबीची. आजच्या घरांतील अलार्मचा भार मुख्यतः हिच्यावर असतो. माणसाच्या शरीरांतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात. त्यांची लहर सुमारें ९ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असते. डबीच्या दर्शनी भागावर जें दुधी प्लास्टिकचें भिंग दिसतें, तें समोरच्या खोलीचे पंख्यासारखे पुष्कळसे पट्टे पाडतें. आंत उष्णतेला जागणारे स्फटिकाचे दोन तुकडे असे जोडलेले असतात कीं दोघांवर सारखीच ऊब पडली तर एकाची वीज दुसऱ्याच्या विजेला मारते आणि यंत्र गप्प राहतें. ऊब एका पट्ट्यांतून दुसऱ्या पट्ट्यांत सरकली, म्हणजे आधीं एक तुकडा आणि मागून दुसरा जागा झाला, तरच वर्दी जाते. म्हणूनच खोलींत आडवा चालणारा माणूस या डबीला झटकन् कळतो, आणि सरळ तिच्याच रोखानें येणारा त्या मानानें उशिरां कळतो.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे खोट्या घंटेचीं निम्मीं कारणें आपोआप उलगडतात. पश्चिमेच्या खिडकींतून फरशीवर पडलेलें ऊन आणि त्यावर हालणारा पडदा मिळून, ऊब एका पट्ट्यांतून दुसऱ्या पट्ट्यांत सरकविण्याचें काम उत्तम करतात. बाहेर पडतांना छताचा पंखा चालू राहिला तर पडदा रात्रभर हालत राहतो. वातानुकूल यंत्राच्या तोंडासमोर डबी बसविली, तर गार झोताच्या येण्याजाण्यानें तीच फसगत होते. उघड्या राहिलेल्या झरोक्यांतून शिरलेलें मांजर किंवा कबूतर याविषयीं सांगावयास नकोच. परंतु सर्वांत मौजेचा गुन्हेगार म्हणजे पाल. खोलींत दूर फिरणारी पाल डबीला जाणवत नाहीं, कारण तिचें अंग आजूबाजूच्या हवेइतकेंच गार असतें. पण तीच पाल अंधारांत भिंगावरच चढून बसली, म्हणजे बोटभर प्राणी डबीच्या दृष्टीनें हत्तीएवढा होतो. मुंग्या डबीच्या आंत घर करतात, कोळी तिच्या तोंडावर जाळें विणतो. डबीचें तार घालण्याचें छिद्र मेणानें अथवा रबरी गुळगुळीनें बुजविणें आणि पंधरा दिवसांतून एकदां कोरड्या फडक्यानें भिंग पुसणें, एवढ्या क्षुल्लक सेवेनें पुष्कळ रात्री शांत जातात.

याच्या उलट अडचण विदर्भांतल्या उन्हाळ्याची. नागपुरास मे महिन्यांत बंद घरांतली भिंत माणसाच्या अंगाइतकी तापली, म्हणजे माणूस आणि भिंत यांत डबीला फरक असा उरत नाहीं. मग घरमालक तक्रार करतो, कारागीर येतो आणि डबीची संवेदनक्षमता वाढवून जातो. उन्हाळ्यापुरतें तें ठीक होतें. परंतु पावसाळा येतो, हवा गार होते, वाढविलेली क्षमता तशीच राहते, आणि ऑगस्टपासून पडद्याच्या सावलीवरहि भोंगा वाजूं लागतो. ऋतूप्रमाणें आपली जाण बदलून घेणारीं यंत्रें आतां मिळतात व तीं घेणें शहाणपणाचें आहे. विक्रेते ‘अतिसंवेदनशील’ हा शब्द मोठ्या अभिमानानें उच्चारतात. गिऱ्हाइकानें तो ऐकतांच थोडें सावध व्हावें हें बरें.

आतां असा प्रश्न येईल कीं, उत्तम यंत्र घेतलें, तें योग्य जागीं बसविलें, तर खोट्या घंटेचा प्रश्न संपला कीं नाहीं? येथें थोडें अंकगणित करणें भाग आहे. समजा, एकाद्या घराचा अलार्म इतका चांगला आहे कीं तो शंभर रात्रींतून एकदांच चुकतो. हें प्रमाण ऐकून कोणीहि समाधान मानील. आणि समजा, त्या घरांत दहा वर्षांत एकदां खरोखर चोर शिरतो; सुदैवानें बहुतेक घरांच्या वांट्याला एवढेंहि येत नाहीं. दहा वर्षांत ३६५० रात्री. त्यांत यंत्राची चूक छत्तीस वेळां आणि खरी घंटा एकदां. म्हणजे सदतीस वेळां भोंगा वाजला तर त्यांतल्या छत्तीस वेळां जिन्यांत आलेले शेजारी व्यर्थ आले. यंत्र शंभरांत नव्याण्णव रात्री बरोबर वागतें, आणि तरीहि त्याची हांक शंभरांत सत्याण्णव वेळां खोटी ठरते. यांत विरोध नाहीं. चोर ही गोष्टच इतकी विरळ आहे कीं अगदी बारीकशी चूकहि तिच्यापुढें डोंगराएवढी होते.

हें केवळ कागदावरचें गणित नव्हे. अमेरिकेंत १९९८ सालीं पोलिसांना अशा यांत्रिक घंटांच्या सुमारें ३ कोटी ८० लाख हांकांना धांवून जावें लागलें, आणि त्यावर दीड अब्ज डॉलर खर्च झाल्याचा अंदाज करण्यांत आला. या हांकांपैकीं शेंकडा ९४ ते ९८ खोट्या होत्या. तेथें घरांतील यंत्राची वर्दी एका खासगी कंपनीच्या कचेरींत जाते व ती कचेरी पोलिसांना कळविते. घरमालक वर्गणी कंपनीला देतो, आणि धांवाधांव पोलिसांची, म्हणजे पर्यायानें ज्यांच्या घरीं अलार्म नाहीं अशाहि करदात्यांची होते. दंड बसवून पाहिले, परवाने काढून पाहिले. फरक पडला तो थोडा. शेवटीं यूटा संस्थानांतील सॉल्ट लेक सिटी या शहरानें डिसेंबर २००० पासून असा नियम केला कीं, कंपनीच्या रखवालदारानें किंवा दुसऱ्या कोणी प्रत्यक्ष पाहून खात्री केल्याशिवाय नुसत्या यंत्राच्या वर्दीवर पोलीस जाणार नाहींत. घंटांमुळें पोलिसांना पडणारे हेलपाटे शेंकडा ९० नीं कमी झाले. जीवावरच्या संकटाचें बटण कोणी स्वतः दाबलें तर मात्र पोलीस पूर्वींप्रमाणेंच तत्काळ जातात. माणसानें मारलेली हांक आणि यंत्रानें दिलेली वर्दी यांत केलेला हा भेद मार्मिक आहे.

इंग्लंडांत निराळी वाट धरण्यांत आली. तेथें यंत्रानेंच यंत्राची साक्ष काढावी असा दंडक आहे. घरांतल्या एकाच डबीची वर्दी पुरत नाहीं. ठराविक वेळांत दुसऱ्या स्वतंत्र डबीनें दुजोरा दिला तरच ती ‘पक्की’ समजून पोलिसांकडे जाते. इतकेंहि करून बारा महिन्यांत तीन खोट्या वर्द्या गेल्या, तर त्या घराला पोलिसांचा प्रतिसाद बंद होतो. आणि दोष दूर केल्याचें दाखवून दिल्याशिवाय तो पुन्हां सुरू होत नाहीं. बाहेरचा भोंगा वीस मिनिटांहून अधिक वाजूं नये अशीहि अपेक्षा तेथें आहे. शेजाऱ्यांच्या झोंपेला कांहीं किंमत आहे, याची ही उघड कबुली होय.

दोन साक्षीदारांच्या या युक्तींतलें बळ पुन्हां अंकगणितानेंच कळतें. एक यंत्र शंभर रात्रींतून एकदां चुकत असेल, दुसरेंहि तितकेंच चुकत असेल, आणि दोघांच्या चुकांचीं कारणें वेगळीं असतील, तर दोन्हीं एकाच रात्रीं चुकण्याचा योग दहा हजार रात्रींतून एकदां येईल. दहा हजार रात्री म्हणजे सत्तावीस वर्षांहून अधिक काळ. मात्र ‘कारणें वेगळीं’ ही अट महत्त्वाची आहे. एकाच खिडकीसमोर एकसारख्या दोन डब्या लावल्या, तर एकच पडदा दोघींनाहि फसवील. म्हणून ऊब ओळखणारी डबी आणि सूक्ष्म रेडिओलहरींनीं हालचाल ओळखणारें यंत्र हीं दोन्हीं एकाच पेटींत घालण्याची रीत पडली आहे. उन्हाची तिरीप रेडिओलहरींना दिसत नाहीं. उलट, पातळ भिंतीपलीकडून जाणारा शेजारी रेडिओलहरींना दिसतो, पण त्याची ऊब भिंतींतून येत नाहीं. दोघांचे भ्रम वेगळे असल्यामुळें दोघांचें एकमत हें बहुधा सत्य असतें. याची किंमत एवढीच कीं चोरहि दोघांना दिसावा लागतो. म्हणून ही पेटी चोराला ओलांडावीच लागेल अशा जागीं, घराच्या मधल्या वाटेवर बसवावी. अलीकडचे कांहीं कॅमेरे माणूस आणि मांजर यांतील भेद स्वतः ओळखतात आणि मालकाच्या हातांतल्या फोनवर चित्र धाडतात. तेहि कधींमधीं चुकतात. पण चित्र पाहून मालकाला निदान स्वतःच्या डोळ्यांनीं निवाडा करतां येतो.

आपल्याकडे घरगुती अलार्मची वर्दी बहुधा पोलीसचौकीवर जातच नाहीं. भोंगा वाजतो आणि मालकाच्या फोनवर निरोप येतो, एवढीच व्यवस्था असते. म्हणजे सॉल्ट लेक सिटीच्या रखवालदाराचें काम आपल्याकडे शेजाऱ्याला करावें लागतें, तेंहि बिनपगारी आणि बिनपरवानगीचें. अलार्म बसविणाऱ्या किती घरांनीं शेजाऱ्याला आधीं विश्वासांत घेतलेलें असतें? भोंगा वाजल्यावर काय करावयाचें, कोणाला फोन करावयाचा, तो लागला नाहीं तर दुसरा कोणाला, भोंगा बंद कसा करावयाचा, हें त्याला ठाऊक नसतें. गांवीं जातांना शेजारीं किल्ली आणि दोन माणसांचे फोनक्रमांक ठेवून जाण्याची पद्धत आपल्याकडे वाड्यांच्या दिवसांपासूनची आहे. ती मोडून तिच्या जागीं भोंगा आणला, तर तो भोंगा पोरका आहे.

यंत्राचे दोष एवढे सांगितले, परंतु खोट्या घंटांचा फार मोठा वांटा घरांतल्या माणसांचाच असतो, हें जेथें जेथें या गोष्टीचा हिशेब ठेवला गेला तेथें तेथें दिसून आलें आहे. त्यांत नवल नाहीं. अलार्म बसवितांना कारागीर घरांतल्या कर्त्या पुरुषाला दहा मिनिटें माहिती देतो. दुसऱ्या दिवसापासून ते कचेरींत जातात, आणि यंत्राशीं गांठ पडते ती सासूबाईंची, शाळेंतून परतलेल्या मुलीची, आणि सकाळीं सात वाजतां भांडीं घासण्यास येणाऱ्या बाईंची. आजी देवळांतून परततात. कुलूप उघडून आंत येतात. हातांत प्रसादाची वाटी असते, यंत्र टीं टीं करूं लागतें, चष्मा पिशवींत असतो, आणि तो सांपडेपर्यंत अवधि संपलेला असतो. त्या दिवसापासून आजी त्या यंत्राला हात लावीत नाहींत आणि ‘तें चालू करूंच नका’ असा आग्रह धरतात. महागडा अलार्म भिंतीवरची शोभा होऊन राहतो तो बहुधा असा. चोरानें नव्हे, घरांतल्या एका भेदरलेल्या जीवानें तो निकामी केलेला असतो.

याचा विचार अमेरिकेंतील अलार्मच्या मानकांत केलेला आढळतो. आंत आल्यावर यंत्र बंद करण्यास किमान ३० सेकंद मिळावेत, बाहेर पडण्यास सामान्यतः ६० सेकंद असावेत, बाहेर पडतांना विसरलेली छत्री घेण्यास कोणी परत फिरला तर अवधि पुन्हां पहिल्यापासून मोजला जावा, आणि एकाच ठिकाणाहून वर्दीमागून वर्दी येऊं लागली तर तें ठिकाण कांहीं वेळ यंत्रानें मोजूं नये, असें त्यांत सांगितलें आहे. हे अवधि कारागिराकडून बदलून घेतां येतात. ज्या घरांत सत्तरीच्या पुढचें माणूस आहे तेथें ३० सेकंद कांहींच नव्हेत. ६० करून घ्यावेत. चोराला तेवढ्यानें जो लाभ होईल तो आजींच्या विश्वासापुढें अगदीं किरकोळ आहे. घरांतल्या प्रत्येक माणसाकडून, कामाच्या बाईंकडूनसुद्धां, भर दुपारीं यंत्र चालू करणें, बंद करणें आणि मुद्दाम वाजवून थांबविणें ही उजळणी दोनतीनदां करून घ्यावी. प्रत्येकाला निरनिराळा सांकेतिक अंक देतां येतो. तसा दिल्यास घंटा कोणाच्या हातून वाजली हेंहि कळतें. तें कळल्यावर रागवावयाचें नाहीं, एवढें पथ्य मात्र घरानें पाळावें. रागावलें कीं पुढच्या वेळीं चूक लपविली जाते.

आणखी एक गोष्ट बॅटरीची. वीज गेली तरी अलार्म चालूं राहावा म्हणून पेटींत बारा व्होल्टची एक बॅटरी असते. तिचें आयुष्य साधारणतः तीन ते पांच वर्षें. ती क्षीण झाली म्हणजे वीज जातांयेतां यंत्र भलतेंच वागूं लागतें. बॅटरी बसविल्याची तारीख तिच्यावरच शाईनें लिहून ठेवण्याला कांहीं खर्च येत नाहीं.

एवढें सर्व करूनहि घंटा वाजावयाची ती अधूनमधून वाजेलच. तेव्हां यंत्राच्या पेटीजवळ खिळ्याला दोरीनें एक लहानशी वही आणि पेन्सिल टांगून ठेवावी. घंटा वाजली कीं तारीख, वेळ, पेटीवर दिसणारा ठिकाणाचा अंक आणि त्या वेळीं बाहेर काय चाललें होतें, ऊन, पाऊस, वारा, फटाके, वीज जाणें, एवढें एका ओळींत टिपावें. कारागिराला नुसतें ‘सारखें वाजतें हो’ म्हणून सांगितलें तर तो डबी बदलतो आणि पैसे घेतो. वहींतल्या नोंदी समोर ठेवल्या तर बहुधा असें दिसतें कीं सात घंटांपैकीं पांच एकाच ठिकाणच्या आहेत, आणि त्या पांचहि सायंकाळीं साडेचार ते पांच या वेळांत, ऊन असलेल्या दिवशीं वाजलेल्या आहेत. मग दिवाणखान्यांतल्या त्या भिंतीपाशीं एकदां साडेचार वाजतां खुर्ची टाकून बसलें, म्हणजे शोकेसमधल्या पितळी समईवरून उसळणारी उन्हाची तिरीप हळूहळू डबीकडे चढत असलेली दिसते. आणि समई दुसऱ्या फळीवर ठेवून भागतें.